दुसरा हेन्री, त्याची मुलं आणि तीन किल्ले



आज जरा आडवाटेनं जाणार आहोत. गेल्या दिवाळीत आमचा नातू आठ दिवस आमच्याकडे राहायला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका रात्री अकराच्या सुमारास त्याच्या खोलीतून ‘मेला! अरे, मेला हा!’ असं ओरडणं ऐकू आलं. आम्ही धावत गेलो. पाहतो तर स्वारी लॅपटॉपसमोर डोक्याला हात लावून बसलेली. मेला होता तो इंग्लंडचा राजा विल्यम, आणि त्याच्या राज्याचे मुलांमध्ये तुकडे झाले होते. ‘आजोबा, वीस वर्षं घालवली हो यात,’ तो म्हणाला. वीस वर्षं खेळातली. आमच्या घड्याळाप्रमाणे दोन रात्री.

खेळाचं नाव क्रुसेडर किंग्ज. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स या कंपनीचा. पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २०१२ ची, तिसरी २०२० ची. नातू खेळतो ती तिसरी. मध्ययुगातला कुणी एक सरदार किंवा राजा निवडायचा, लग्नं जमवायची, दावे सांगायचे, लढाया मारायच्या, हेर पेरायचे, दरबारातली गुपितं काढायची आणि १४५३ सालापर्यंत आपलं घराणं जगवायचं. राजा मेला की खेळ संपत नाही. त्याच्या वारसाच्या रूपानं आपण पुढे खेळतो. घराण्यात वारसच उरला नाही तर मात्र कारभार आटोपला.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असंच आमचं मत होतं. पण त्या रात्री नातवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो ते दीड वाजेपर्यंत उठलो नाही. कारण पडद्यावर जे झालं होतं ते खरंच झालेलं होतं. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंड घेणारा विल्यम १०८७ मध्ये वारला, तेव्हा नॉर्मंडी थोरल्या रॉबर्टला गेली, इंग्लंड विल्यम रूफसला, आणि तिसऱ्या हेन्रीच्या हाती जमीन नाही, नुसती रोकड आली. तिघे एकमेकांशी भांडत राहिले आणि ११०६ मध्ये हेन्रीनं भावाला कैद करून सगळं पुन्हा एकत्र केलं. हेस्टिंग्जपासून बरोबर चाळीस वर्षं. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात.

नातवानं मग विचारलं, ‘पुढच्या डावात काय करू?’ आम्ही म्हटलं, आधी तुमच्या खेळाडू मंडळींचे सल्ले काय आहेत ते तरी सांग. त्यानं वाचून दाखवलं. नवा डाव उघडलात की तलवारीला हात घालण्याआधी वारसाहक्काचा कायदा बघा. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी वाटणीचाच कायदा असतो, आणि त्याच्या सगळ्यात कडक प्रकारात तर तुमच्याकडे पुरेशी जमीन असेल तर धाकट्यासाठी दुसरा मुकुट आपोआप घडवला जातो. म्हणून भराभर राज्य वाढवणं हीच पुष्कळदा चूक ठरते. मैत्रीचे करार माणसामाणसांत असतात, राज्याराज्यांत नाही. राजा गेला की करार गेला. तेव्हा एखादी मुलगी लग्नाची ठेवा, नव्या राजाला मित्र जोडायला उपयोगी पडेल. खजिना कधी पूर्ण रिकामा करू नका, कारण नवा राजा गादीवर आला की पहिली काही वर्षं मांडलिकांना तो नकोसाच असतो. गट उभे राहतात, आणि तेव्हा भाडोत्री फौजच कामी येते.

इथपर्यंत आम्ही माना डोलावत होतो. पुढे आलं ते असं. जास्तीचे मुलगे झाले तर त्यांना मठात पाठवा. जमत नसेल तर वारसाहक्क काढून घ्या. घराण्याची कीर्ती थोडी खर्ची पडेल. तेही परवडत नसेल तर कट करा. कट यशस्वी होण्याची शक्यता किती टक्के आणि तो गुप्त राहण्याची किती टक्के, हे खेळ तुम्हांला आधीच सांगतो.

आम्ही नातवाला म्हटलं, तुझ्या या खेळात ११७८ सालापासूनही सुरुवात करता येते ना? (ही सोय अलीकडची आहे.) मग दुसरा हेन्री घे. विल्यमचाच पणतू. पण त्याला घेण्याआधी त्याची गोष्ट ऐक. ती गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

जमवाजमवीच्या बाबतीत हेन्रीचा हात धरणारा राजा त्या शतकात झाला नाही. आई मटिल्डा ही पहिल्या हेन्रीची मुलगी. तिच्याकडून इंग्लंड आणि नॉर्मंडीवरचा दावा. बाप आंजूचा काउंट. तो ११५१ मध्ये गेला आणि आंजू हाती आलं. ११५२ च्या मार्चमध्ये फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि अ‍ॅक्विटेनची एलिनॉर यांचं लग्न धर्मपीठानं रद्द ठरवलं. जेमतेम आठ आठवड्यांनी, मे महिन्यात, एलिनॉरनं हेन्रीशी लग्न केलं. तिच्याबरोबर फ्रान्सचा सगळा नैर्ऋत्य भाग आला. ११५३ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन राजाशी तह झाला. स्टीफननं स्वतःच्या मुलाला बाजूला ठेवून हेन्रीला वारस मानलं. ११५४ मध्ये हेन्री राजा झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आणि त्याची सत्ता स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत होती. एकही मोठी लढाई न मारता! दावा, लग्न, तह आणि इतरांचे मृत्यू, एवढ्यावर.

पुढची चाल तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. नॉर्मंडी आणि पॅरिस यांच्या मध्ये व्हेक्सँ नावाचा पट्टा आहे, त्यात जिझोरचा किल्ला. लुईच्या दुसऱ्या बायकोपासून झालेली मुलगी मार्गारेट हिचं हेन्रीच्या थोरल्या मुलाशी लग्न ठरलं, आणि हुंडा म्हणून ते किल्ले द्यायचे ठरले. लग्न होईपर्यंत किल्ले टेंपलर पंथाच्या ताब्यात राहणार होते. लुईला वाटलं, चांगली दहा-बारा वर्षं हाती आहेत. हेन्रीनं ११६० मध्येच लग्न उरकलं. नवरा पाच वर्षांचा, नवरी जेमतेम दोन-तीन वर्षांची. टेंपलरांनी शब्दाप्रमाणे किल्ले देऊन टाकले. लुई हात चोळत बसला. नात्यांचा गुंता बघा : आईचा पहिला नवरा तोच मुलाचा सासरा.

एक गोम मात्र होती. इंग्लंडात हेन्री स्वतंत्र राजा. पण नॉर्मंडी, आंजू, अ‍ॅक्विटेन यांसाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. लुईची खालसा जमीन पॅरिसच्या आसपासची, हेन्रीच्या मानानं चिमूटभर. पण धनी तो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता मुलांकडे वळू. हेन्री, रिचर्ड, जेफ्री, जॉन असे चार मुलगे वाढले. हेन्री हुशार होता, त्यानं आपल्या मरणाचा विचार वेळेवर केला. ११६९ च्या जानेवारीत वाटणी जाहीर केली : इंग्लंड, नॉर्मंडी, आंजू थोरल्याला, अ‍ॅक्विटेन रिचर्डला, ब्रिटनी जेफ्रीला. जॉन तेव्हा दोन-तीन वर्षांचा, त्याला काही नाही. पुढे त्याला ‘भूमिहीन’ हेच टोपणनाव पडलं. दुसऱ्या वर्षी, ११७० च्या जूनमध्ये, थोरल्या हेन्रीला वेस्टमिन्स्टरमध्ये बापाच्या हयातीतच राज्याभिषेक केला. ही पद्धत फ्रान्सची. तिथल्या कापे घराण्यानं ९८७ पासून ती चालवली होती. वारस आधीच अभिषिक्त असला की बाप मेल्यावर प्रश्नच उरत नाही. कागदावर यात चूक काढायला जागा नाही.

आणि तीन वर्षांत घर पेटलं.

का पेटलं? मुलाच्या डोक्यावर मुकुट होता, पण हाती गाव नव्हतं. राजा म्हणवून घ्यायचं, दरबार ठेवायचा, सोबतीच्या सरदारांना बक्षिसं द्यायची, आणि पैसे मागायला बापाकडे जायचं. कर्ज झालं. तो म्हणत होता, इंग्लंड, नॉर्मंडी, आंजू यांतलं एक तरी आत्ता द्या. बाप म्हणत होता, सगळं तुझंच तर आहे.

हे सांगताना आम्हांला थोडं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. आमच्या बँकेच्या खात्यावर आम्ही मुलाचं नाव केव्हाच घातलं आहे. चेकबुक आणि पासबुक मात्र आमच्या टेबलाच्या खणात, किल्ली आमच्या जानव्याला नसली तरी चष्म्याच्या घरात. मुलगा पन्नाशीला आला.

असो. ठिणगी पडली ती तीन किल्ल्यांवरून. ११७३ च्या फेब्रुवारीत हेन्रीनं पाच-सहा वर्षांच्या जॉनचं लग्न ठरवलं, आल्प्समधल्या मोरिएनच्या काउंटच्या मुलीशी. मुलीच्या बापानं विचारलं, नवऱ्याच्या नावावर काय आहे? प्रश्न रास्त होता. हेन्रीनं शिनाँ, लूदँ आणि मीरबो हे किल्ले जॉनच्या नावानं देऊ केले. हे किल्ले आंजूच्या मोक्याच्या जागेवरचे. आणि आंजू कुणाला जाहीर झालं होतं? थोरल्याला. त्याला विचारलंसुद्धा नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीत चार भावांची वाटणी झाली. जमीन मोजून, दगड रोवून, सगळं चोख. पण विहीर ज्याच्या हिश्श्यात पडली त्याला न विचारता थोरल्यांनी पाण्याची एक पाळी परस्पर धाकट्या मेव्हण्याच्या नावे करून दिली. पाळी आठवड्यातून एका रात्रीची. त्या एका रात्रीवरून दोन घरं तीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. सातबाऱ्यावरच्या एकराच्या आकड्यावरून एवढं भांडण कधी झालं नाही. तेव्हा ‘तीन किल्ल्यांवरून कुणी बापाविरुद्ध बंड करतं का’ असं जे इतिहासकार विचारतात, त्यांच्या घरी बहुधा सामायिक विहीर नसावी.

थोरला हेन्री, वय वर्षं अठरा, मार्च महिन्यात रात्रीतून शिनाँहून निसटला आणि सासऱ्याकडे, लुईकडे, गेला. मागोमाग रिचर्ड आणि जेफ्री. एलिनॉर मुलांच्या बाजूनं उभी राहिली. पुरुषी वेशात निघालेली ती वाटेत पकडली गेली आणि त्यानंतर नवरा मरेपर्यंत, म्हणजे ११८९ पर्यंत, कैदेत राहिली. एका बाजूला फ्रान्सचा राजा, स्कॉटलंडचा राजा, तीन मुलगे, बायको आणि अर्धे सरदार. दुसऱ्या बाजूला एकटा हेन्री.

तरीही तो जिंकला. कसा जिंकला यात आमच्या नातवाला फार रस होता. खजिना भरलेला होता म्हणून ब्राबांतची भाडोत्री फौज लगेच उभी करता आली. आणि शत्रू अनेक असले तरी ते एका वेळी एका जागी येत नव्हते. हेन्री मात्र कमालीच्या वेगानं एकेकाला गाठत होता. त्यात ११७० च्या डिसेंबरात झालेला बेकेटचा खून मानगुटीवर होता. ११७४ च्या जुलैत हेन्री अनवाणी कँटरबरीला गेला, बेकेटच्या समाधीपुढे फटके खाऊन त्यानं प्रायश्चित्त घेतलं. दुसऱ्याच दिवशी स्कॉटलंडचा राजा उत्तरेत पकडला गेला. लोकांनी याचा जो अर्थ लावायचा तो लावलाच. कर्तव्य म्हणून केलं की डाव म्हणून केलं, हा वाद आम्ही वर्गात फार घातला. आता वाटतं, हेन्रीला स्वतःलाही तो फरक सांगता आला नसता.

तह झाला तो वाचण्यासारखा आहे. हेन्रीनं मुलांना माफ केलं. थोरल्याला नॉर्मंडीतले दोन किल्ले आणि वर्षाला आंजूच्या चलनातले १५ हजार पौंड मिळाले. पुन्हा पैसा! राज्य नाहीच. म्हणजे ज्या कारणानं बंड झालं ते कारण जसंच्या तसं शिल्लक. ११८३ मध्ये थोरल्यानं पुन्हा हत्यार उचललं आणि त्या धामधुमीतच हगवणीनं मेला, अठ्ठावीस वर्षांचा. जेफ्री ११८६ मध्ये पॅरिसला गेला. मग रिचर्ड वारस. तर हेन्री त्यालाही वारस म्हणून जाहीर करीना. थोरल्याला आधी मुकुट देऊन पोळलो, आता काहीच बोलायचं नाही, असा त्यानं धडा घेतला. रिचर्डनं ११८८ मध्ये बापाच्या डोळ्यांदेखत फ्रान्सच्या नव्या राजापुढे, फिलिपपुढे, गुडघे टेकले. पुढच्या जुलैत पराभूत, तापानं फणफणलेला हेन्री शिनाँला आला. त्याच तीन किल्ल्यांतलं शिनाँ. फितुरांची यादी वाचायला सांगितली, तर पहिलं नाव लाडक्या जॉनचं. दोन दिवसांनी, ६ जुलै ११८९ ला, तो गेला.

जेराल्ड नावाच्या वेल्सच्या लेखकानं नोंदवलं आहे की विंचेस्टरच्या महालात हेन्रीनं एक चित्र काढून घेतलं होतं : गरुड आणि त्याला टोचणारी त्याचीच चार पिल्लं. आमच्या कौटिल्यानं गरुड नाही, खेकडा घेतला आहे. अर्थशास्त्रात राजपुत्रांपासून राजाला कसं जपावं याचं स्वतंत्र प्रकरण आहे. निरनिराळ्या आचार्यांची मतं तिथे दिली आहेत : कुणी म्हणतो गुपचूप संपवावं, कुणी म्हणतो एका जागी कोंडावं, कुणी म्हणतो सरहद्दीवरच्या किल्ल्यात ठेवावं, कुणी म्हणतो विषयसुखात गुंतवावं. नातवाच्या खेळाडू मित्रांची यादी आणि ही यादी यांत फारसं अंतर नाही. कौटिल्य मात्र ही मतं न स्वीकारता शिक्षणावर येतो.

आता नातवाच्या खेळाकडे. आम्हांला त्यात एक जागा सापडली आणि ती तत्त्वज्ञानाच्या माणसालाच चटकन दिसावी अशी आहे. खेळात बाप मेला की तुम्हीच मुलगा होता. बापाचा हेतू, बापाचे बेत, बापाची आठवण, सगळं तेच डोकं पुढे चालवतं. म्हणून वारसाला सगळं देणं खेळात सोपं. ते स्वतःलाच देणं असतं. आणि म्हणूनच धाकट्याला विष घालणंही सोपं. तो ‘मी’ कधीच होणार नसतो. हेन्रीपुढची अडचण हीच होती की थोरला हेन्री हा हेन्री नव्हता. त्याला राज्य द्यायचं म्हणजे ते आपल्या मनाविरुद्ध चालवलं जाण्याची मुभा द्यायची. चौतीस वर्षं राज्य केलेल्या माणसाला ती एक चाल सुचली नाही असं नाही; करवली नाही.

जॉनबद्दल थोडं बोलून थांबू. फिलिपनं काय केलं ते बघा, कारण हल्ला करण्याचा सगळ्यात चांगला सल्ला त्यात आहे. त्यानं हेन्रीच्या मुलांना एकापाठोपाठ एक जवळ केलं आणि हाती कायदेशीर निमित्त येईपर्यंत वाट पाहिली. १२०० मध्ये जॉननं अंगुलेमच्या इझाबेलाशी लग्न केलं. ती ल्युझिन्यां घराण्यातल्या ह्यूला ठरलेली होती. भरपाई दिली असती तर प्रकरण मिटलं असतं. जॉननं उलट त्यांनाच छळलं. ते धन्याकडे, म्हणजे फिलिपकडे, दाद मागायला गेले. जॉन बोलावल्यावर हजर झाला नाही, आणि १२०२ मध्ये फिलिपनं त्याच्या फ्रान्समधल्या जमिनी जप्त झाल्याचं जाहीर केलं. चिमूटभर जमिनीच्या धन्यानं पन्नास वर्षं जपलेला कागद आता वटवला.

त्याच ऑगस्टात जॉननं आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवला. जेफ्रीचा मुलगा आर्थर, पंधरा वर्षांचा, आजीला म्हणजे एलिनॉरला मीरबोमध्ये वेढून बसला होता. जॉन दोन दिवसांत ऐंशी मैल दौडत आला आणि आर्थरसकट दोनशेहून अधिक सरदार एका सकाळी पकडले. खेळात असे कैदी म्हणजे सोनं : खंडणी घ्या, उपकार करून सोडा, वचनात बांधून ठेवा. जॉननं कैद्यांचे हाल केले. ज्या गिय्योम दे रोशनं हा विजय मिळवून दिला त्याला दिलेला शब्द मोडला; तो फिलिपकडे गेला. आर्थरला आधी फालेझला, मग रुआँला नेलं, आणि १२०३ च्या वसंतात तो नाहीसा झाला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

पडद्यावर हा एक टिचकीचा खेळ. खेळ करणारे काही अगदीच निर्दय नाहीत. आप्तघातकी म्हणून शिक्का बसतो, दयाळू स्वभावाच्या राजाला मनस्ताप होतो, मांडलिक बिथरतात. पण किंमत आकड्यांत येते, आणि आकडा भरून काढता येतो. जॉनला तो भरता आला नाही. ब्रिटनी कायमची विरुद्ध गेली. नॉर्मंडीतले किल्लेदार एकेक करून निघून गेले, कारण प्रत्येकाच्या घरात एखादा आर्थर होता. १२०४ च्या मार्चमध्ये शातो गैलार पडला, जूनमध्ये रुआँ. नॉर्मंडी गेली. त्या दोहोंच्या मध्ये, एप्रिलच्या सुरुवातीला, ऐंशीच्या आसपासची एलिनॉर वारली. फोंतव्रोच्या मठात ती नवऱ्याशेजारी आणि रिचर्डशेजारी आहे; तिचा दगडी पुतळा हातात पुस्तक घेऊन पहुडला आहे.

परवा नातवाचा फोन आला. त्यानं खरंच ११७८ चा डाव उघडला आहे. एलिनॉरला त्यानं पहिल्याच महिन्यात सोडून दिलं, का ते सांगितलं नाही. म्हणाला, ‘आजोबा, थोरल्याला नॉर्मंडी देऊ का?’

आम्ही म्हटलं, ‘नुसतं नाव, की महसुलासकट?’

‘म्हणजे तुमच्या पासबुकासारखं का?’ तो म्हणाला. बापानं सांगितलं असणार.

चला, प्रश्न घेऊ या.